अर्ध्या ठिपक्याचं शहर

१२ जून २०२५, गुरुवार. जळगाव.

१९८३चा श्रावण. धुळ्याच्या घराची मागची पायरी. मी आणि हे (म्हणजे नवल, रोजनिशीत तरी नाव घ्यायला हरकत नसावी) भुईमुगाच्या शेंगा सोलत बसलो होतो. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. मधेच ते उठले, आतून एक पितळी डबी घेऊन आले आणि त्यातले जुने पैसे माझ्या ओच्यात ओतले. भोकाचे, राजाचे, राणीचे. त्यात एक जाडजूड, काळपट, वेड्यावाकड्या कडांचा. मी तो उचलला. आवडला तर ठेव, म्हणाले. एवढंच. पुन्हा शेंगा. आत सासूबाई काहीतरी ठोकत होत्या. त्या कायम काहीतरी ठोकत असत.

नवलना जाऊन चार वर्षं झाली. शेंगा आता सोललेल्याच मिळतात.

तो पैसा पैसा नव्हता. ग्रीक ब्रॉन्झ नाणं होतं. एका बाजूला अपोलोचं डोकं, दुसऱ्या बाजूला तिपाई. सव्वादोन हजार वर्षांपूर्वीचं. त्या घरात पिढ्यानपिढ्या पडून होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. पत्ता लागायला भुसावळच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली सून यावी लागली. अर्थात मलाही तो पस्तीस वर्षांनी लागला, पण संशोधनाला वेळ लागतोच.

१४ जून.

संकल्प. रोज सकाळी दोन तास संशोधन. टीव्ही बंद. व्हॉट्सअॅप फक्त संध्याकाळी.

विषय पक्का: ठसे मारलेली ग्रीक नाणी. एका शहराचं नाणं दुसऱ्या शहरात पोचलं की तिथले लोक त्यावर आपला बारीक ठसा मारत. मधमाशी, नांगर, घोड्याचं डोकं. अर्थ असा की हे बाहेरचं असलं तरी आता आमच्यात चालतं. माझ्याकडे नांगराचा ठसा असलेली काही नाणी आहेत, ऑनलाइन घेतलेली. जहाजाचा नांगर, शेतातला नव्हे. हे भिकुबाईला दोनदा सांगून झालं. भिकुबाई आमच्याकडे भांडी घासते. तिला वाटतं मी शेतीवर लिहिते आहे.

पण नवलनी दिलेल्या नाण्यावरचा ठसा कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाही. वर चंद्रकोर, खाली तीन ठिपके, आणि तिसरा ठिपका अर्धाच. कुठलं तरी अज्ञात शहर. ते मी शोधणार.

नाणी ऑलिव्ह ऑइलमध्ये भिजत घातली आहेत. त्याला सासूबाईंचं एक बुटकं पितळी पातेलं वापरते. दुसऱ्या कशाच्या लायकीचं नाही. बुडाशी ठोकून ठोकून खरबरीत केलेलं.

१९ जून.

टीव्ही थोडा लावला. बातम्या म्हणजे इतिहासच.

डिजिटल मायक्रोस्कोपशिवाय पुढे सरकणं अशक्य. मेघाला पुण्याला फोन केला. ती म्हणाली, आई, तू आधी चष्म्याचा नंबर तपासून घे. पोटची मुलगी. ही पिढी शोध लावणार नाही, फक्त शोध घेईल, तोही फोनमध्ये.

माळ्यावरची जुनी भांडी काढायचं ठरवलं. घंगाळ, कळशा, परात, सासूबाईंचे ते डझनावारी तांबे. चाळीस वर्षं मी त्या पितळेला चिंच लावली. मोडीत दिली की मायक्रोस्कोप येईल. जुनं देऊन जुनंच समजून घ्यायचं, यात गैर काय?

२१ जून.

भांडी बाजारातले चांदभाई आले. प्रत्येक भांडं उलटं करून बुड बघत होते. म्हणाले, बाईसाहेब, हे तर घरचं दिसतं, एकाच हातचं, एखादं तरी ठेवा. मी म्हटलं, भाई, मी भावनेच्या आहारी जात नाही. ते म्हणाले, मग निदान एकदा बघून तरी घ्या. मला वेळ नव्हता, ठशांवरचा एक इंग्रजी लेख वाचत होते. भिकुबाई दारात उभी राहून तोंडाला पदर लावून बघत होती. कुणी मेल्यासारखं.

बुटकं पातेलं तेवढं राहिलं. त्यात तेल होतं.

२५ जून.

मायक्रोस्कोप आला. अद्भुत जग! तासभर एक लांब, काळा, वळणदार प्रकार दिसत होता. नदी समजून मी त्याचं चित्र काढलं. पापणीचा केस निघाला.

पण मग ठसा दिसला. केवढा स्पष्ट! द्राक्षांचा घड आणि वर कोयता. म्हणजे वाइन पिकवणारं शहर, बहुधा समुद्रकाठचं. आज झोप येणार नाही.

२६ जून.

झोप आली. सकाळी पाहिलं तर द्राक्षं वाटेनात. डॉल्फिन आहे. उसळी मारणारा, खाली पाण्याचे थेंब. तरी शहर समुद्रकाठचंच, म्हणजे काल फार चुकले नव्हते.

१ जुलै.

परदेशातल्या एका फोरमवर फोटो टाकला होता, सविस्तर टिपणासह. दोन पानं. एका गृहस्थाचं उत्तर आलं. एकच शब्द: मॉडर्न.

इतक्या दुरून, इतक्या कमी शब्दांत एवढी असूया मी पहिल्यांदाच पाहिली. कॉन्व्हेंटच्या सिस्टर ॲग्नेस म्हणायच्या, विद्वानाची परीक्षा त्याच्या वाक्यावरून होते. इथे वाक्यच नाही.

३ जुलै. धुळे.

एस.टी.ने आले. पारोळ्याला बस नेहमीसारखी विनाकारण थांबली.

प्रेमराज यांना भेटले. हे धुळ्याच्या नाणेमित्र मंडळाचे अध्यक्ष. कापड दुकान आहे, आणि त्यांना वाटतं की कापड आणि इतिहास दोन्ही हाताला लागलं की कळतं. माझं नाणं बोटांत फिरवलं, भिंग लावलं. म्हणाले, नाणं अस्सल आहे ताई, पण फार झिजलंय, असली पुष्कळ सापडतात. मी म्हटलं, ठशाचं बोला. म्हणाले, बघा, नाण्यावर सगळीकडे काळा-हिरवा थर चढलाय, पण ठशाच्या खड्ड्यात तो नाही. म्हणजे ठसा फारच अलीकडचा.

मी त्यांना शांतपणे सांगितलं की खड्ड्यात हवा कमी जाते. त्यांनी भिंग पुसून ठेवलं. दुसरं करणार काय?

व्याख्यानाला मात्र हो म्हणाले. दोन ऑगस्ट, शनिवार, वाचनालयाचा हॉल. म्हणाले, आपण ठशावर नको, नाण्यावर बोलू या का? मी म्हटलं, ठशावरच. ते म्हणाले, ताई, विचार करा. मी म्हटलं, केलाय. निघताना त्यांनी चहा मागवला, ब्लाउजपीसही दाखवले. एक घेतला. व्याख्यानाला घालता येईल.

९ जुलै.

कमलअक्कांचा फोन. माझ्या थोरल्या जाऊबाई. धुळ्याला जुन्या घरात राहतात आणि माझ्याशी मुद्दाम अहिराणीत बोलतात. मला येत नाही असं नाही. मी बोलत नाही.

दरवर्षीचीच मागणी. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसते, खानदेशातली घरोघरची देवी. भाऊबंदांपैकी प्रत्येक घर कलशात आपला पैसा टाकतं, आणि सोमवारी कानबाई पांझरा नदीवर नेऊन आणली की जो तो आपापला ओळखून परत नेतो. आमच्या घराचा म्हणे तो जाडा पैसा होता. बेचाळीस वर्षं त्याच्या जागी साधा रुपया पडतोय. अक्का म्हणाल्या, "यंदा तो पैसा लई ये वं चारू. कानबाईले आपला घरना पैसा नही शे."

मी म्हटलं, अक्का, ते अपोलोचं नाणं आहे, तांदळाच्या पाण्यात बुडवून ठेवायचा पैसा नाही. त्या म्हणाल्या, अपोलो कोण? मी म्हटलं, सूर्यदेव. म्हणाल्या, मग तर रविवारीच आण.

असल्या लोकांपासून इतिहास वाचवायचा म्हणजे कष्टाचं काम आहे. व्याख्यान झालं की नाणं सरळ एखाद्या म्युझियमला देणार. काचेत. खाली नाव: नवल यांच्या स्मरणार्थ, चारुलता यांच्या संशोधनासह. मग मागा म्हणावं.

१६ जुलै.

सापडलं! डॉल्फिन नाही. चंद्रकोर म्हणजे बंदराची खाडी. तीन ठिपके म्हणजे तीन बुरूज. आणि तिसरा अर्धा, कारण ठसा मारला तेव्हा शहराला वेढा पडला होता आणि तिसरा बुरूज ढासळला होता! भर वेढ्यात, सैनिकांना पगार देण्यासाठी, बाहेरचं नाणं आपलं करून घेणारं शहर. मला रडू आलं. बुरूज पडला तरी त्यांनी तो जसा होता तसा कोरला. खोटं दाखवलं नाही. आपल्याकडे कुणी असं करेल?

भिकुबाई विचारत होती, बाई, कुणी गेलं का? मी म्हटलं, हो, एक शहर.

२३ जुलै.

निबंध लिहायला घेतला. शीर्षक झालं. शीर्षकाखाली रेघ मारली. मग लाइट गेली.

२५ जुलै.

शीर्षक बदललं. मायक्रोस्कोपवर धूळ फार बसते. सगळी सकाळ त्यात गेली. उद्या नक्की.

३० जुलै.

काल नागपंचमी. पुरणाचे दिंड केले, त्यात दिवस गेला. निबंध लिहून वाचणं मला तसंही शाळकरी वाटतं. उत्स्फूर्त बोलेन. पॉवरपॉइंट मेघानं करून दिला. म्हणाली, आई, त्या वेढ्याचा पुरावा काय? मी म्हटलं, अर्धा ठिपका. तिनं एकदम माझ्या झोपेची चौकशी केली. भारावली असावी.

प्रेमराजांचा फोन. शनिवारी बाजार असतो, श्रोते कमी पडतील म्हणाले. मी म्हटलं, काळजी नको. अक्कांना फोन करून भाऊबंदांना बोलावून ठेवलं. तसेही सगळे कानबाईसाठी धुळ्यात जमलेलेच आहेत. कळणार काही नाही, पण खुर्च्या भरतील. अक्का म्हणाल्या, येऊ ना, पाणी मिळतं का तिथे? मी म्हटलं, आपापलं आणा.

२ ऑगस्ट, शनिवार. सकाळ. धुळे, रेस्ट हाऊस.

नवा ब्लाउज. मोत्यांच्या कुड्या. नाणं मखमली डबीत. आरशासमोर एकदा बोलून पाहिलं. "या अर्ध्या ठिपक्यात एक अख्खं शहर मरून पडलं आहे." इथे थांबायचं. टाळ्यांना जागा ठेवायची.

नवल असते तर मागच्या रांगेत बसून घड्याळ बघत राहिले असते. तरी असायला हवे होते.

२ ऑगस्ट. संध्याकाळ.

डोकं दुखतंय.

३ ऑगस्ट, रविवार.

डोकं कमी. वस्तुस्थिती नोंदवून ठेवणं आवश्यक आहे, कारण लोक आता काहीही सांगत सुटतील.

सुरुवात उत्कृष्ट झाली. हॉल भरला. पहिल्या तीन रांगा आमचे भाऊबंद, जरीच्या साड्यांत, पिशव्यांसह. खाडी सांगितली, बुरूज सांगितले. मग ठशाचा फोटो पडदाभर मोठा केला आणि ते वाक्य म्हटलं. थांबले.

टाळ्या नाहीत. त्या जागेत अक्का उठल्या. हॉलभर ऐकू जाईल असं म्हणाल्या, "आवं चारू, हाई ते आपला घरनी निशानी शे ना! बठ्ठा भांडासवर शे!"

मी म्हटलं, अक्का, प्रश्न शेवटी. पण त्या निघालेल्या होत्या. हातात पाण्याचा तांब्या. तो त्यांनी सुलक्षणाच्या (पुतणसुनेच्या) ग्लासात रिकामा केला आणि स्टेजवर येऊन टेबलावर उपडा ठेवला. प्रेमराज, जे इतका वेळ अगदी सभ्य माणसासारखे खाली बघत बसले होते, ते उठले आणि त्यांनी माझ्याच मायक्रोस्कोपचा कॅमेरा तांब्यावर धरला.

पडद्यावर चंद्रकोर आली. तीन ठिपके. तिसरा अर्धा.

मी लगेच म्हटलं की योगायोग ही इतिहासात मोठी शक्ती आहे. तेवढ्यात दुसऱ्या रांगेतून एक डबा आला, मग एक फुलपात्र. लोक रांग लावून आपापली बुडं बघायला लागले. भांड्यांची. कुणी तरी ओरडलं, आमच्याकडे तुमची वाटी आहे वाटतं, तेव्हाच्या लग्नातली! हशा. एका बाईनं खरंच ती वाटी शपथेवर कबूल केली.

अक्कांनी माइक हातात घेतला. माझा. सांगितलं की सासूबाईंकडे लोखंडाचा एक ठसा होता. लग्नकार्याला भांडी दिली की ओळखून परत यावीत म्हणून त्या घरातल्या एकूण एक भांड्यावर तो मारत. कानबाईच्या पैशावरही मारला, कलशातून काढताना ओळखू यावा म्हणून. पैसा आला कुठून ते कुणाला माहीत नाही, बाजारात कुणी घेईना म्हणून तो कानबाईला लावला. आणि तिसरा ठिपका अर्धा का, असं प्रेमराजांनी फार नम्रपणे विचारलं.

त्या ठशानं सासूबाई सुपारी फोडत. एकदा तुटला.

टाळ्या तेव्हा पडल्या.

३ ऑगस्ट. रात्रीची जेवणं झाल्यावर.

गेले नसते, पण सुलक्षणा न्यायला आली. म्हणाली, काकू, कानबाईच्या प्रसादाचा रोट तुमच्याशिवाय कसा मोडायचा? मी तिला सांगितलं की मी केवळ निरीक्षक म्हणून येते आहे.

कानबाई छान सजवली होती. नथ जरा मोठी वाटली. मी अक्कांना बाजूला घेऊन विचारलं की हे सगळं माहीत होतं तर बेचाळीस वर्षांत एकदाही ठशाबद्दल का बोलला नाहीत. त्या म्हणाल्या, तू कधी भांडं उपडं केलं नाहीस हे आम्हाला काय माहीत? मग म्हणाल्या, पैसा नवलनं तुला दिला ते सासूबाईंनी आतून पाहिलं होतं. त्या असेपर्यंत त्यांनी तो मागू दिला नाही. म्हणायच्या, "सूनले आवडना, राहू दे." (अहिराणीत आवडना म्हणजे आवडला.) त्या गेल्यावरच अक्कांनी मागायला सुरुवात केली.

याला लेखी पुरावा काही नाही. अक्कांची स्मरणशक्ती भरवशाची नाही, असं मी नेहमीच म्हणत आले आहे.

रोट चांगला झाला होता.

५ ऑगस्ट. जळगाव.

आल्याआल्या रिक्षा तशीच भांडी बाजारात घेतली. चांदभाईंनी खुर्ची दिली. म्हणाले, बाईसाहेब, मोड त्याच आठवड्यात भट्टीला गेली. मी म्हटलं, सगळी? म्हणाले, सगळी. आमची मुलगी साबेरा एक कळशी मागत होती, छान वाटली तिला, पण मी म्हटलं, ओळखीच्या घरचं, कुणी विचारत आलं तर बरं दिसायचं नाही. म्हणून तीही दिली.

मी म्हटलं, बरोबर केलंत. मी सहज विचारलं. संशोधनासाठी.

घरी येऊन बुटक्या पातेल्यातलं तेल एका बरणीत काढलं. पुसलं. उपडं केलं. चष्मा न लावताही दिसतंय. बोटालाही लागतं. एवढे दिवस अज्ञात शहर शोधायला मी नाणी त्यातच भिजवत होते. ही नोंद बाहेर जाता कामा नये.

भिकुबाईनं विचारलं, बाई, काय बघताय? मी म्हटलं, काही नाही, घासायचंय. ती घ्यायला आली तर मीच घासलं. चिंच लावून. ठसा चांगला उघडा पडला.

६ ऑगस्ट.

फोरमवरच्या त्या गृहस्थाला उत्तर लिहायला बसले होते. त्याच्या एका शब्दाला माझा एक शब्द पुरेसा आहे, पण कोणता ते सुचत नाही. राहू दे.

वय झालंय. उद्याचं कुणी सांगावं. मेघाला सगळं माहीत असलेलं बरं, म्हणून लिहून ठेवते. तिनं हे तेवढंच पान वाचायचं. आधीची पानं न वाचता फाडावीत.

नांगराच्या ठशांची नाणी मेघाला. ती विकणार हे मला माहीत आहे. विकताना जहाजाचा नांगर असं म्हणावं.

मायक्रोस्कोप प्रेमराजना. त्यांना कापडाची वीण बघायला उपयोगी पडेल. त्यांनी ब्लाउजपीसचे पैसे घेतले नव्हते, ते आता लक्षात आलं. फार सभ्य माणूस आहे, मी आधीच ओळखलं होतं.

कॅटलॉग भुसावळच्या सिस्टरांच्या लायब्ररीला. त्यात मार्जिनमध्ये पेन्सिलीनं जे लिहिलंय ते आधी खोडावं. विशेषतः बुरूज.

नव्या ब्लाउजवरची साडी सुलक्षणाला. मोत्याच्या कुड्या भिकुबाईला. ती नको म्हणेल, तरी द्याव्यात.

म्युझियमला काही नाही.

तो जाडा पैसा कमलअक्कांकडेच राहील, रविवारी दिला तसा. कलशात मीच टाकला. इतकी वर्षं त्याच्या जागी पडणारा रुपया काढून अक्कांनी माझ्या हातात ठेवला, तो मखमली डबीत आहे. अक्कांच्या मागे पैसा सुलक्षणाकडे, तिच्या मागे तिच्या सुनेकडे. सोमवारी कलशातून काढताना कुणी अडखळलं तर एवढंच सांगावं: चंद्रकोर, तीन ठिपके, तिसरा अर्धा.

बुटकं पातेलं मेघाला. तेलासाठी नाही. दुधासाठी.

आणि अक्कांनी निघताना माझ्या पिशवीत एक जुन्या चिंधीत गुंडाळलेली वस्तू घातली. बसमध्ये सोडून पाहिली. सासूबाईंचा ठसा. लोखंडी, बोटाएवढा, वरचं टोक ठोकून ठोकून फुलासारखं पसरलेलं. तो मेघाला. तिच्या घरात सगळं स्टील आहे. आज दुपारी मी आमच्या एका स्टीलच्या ताटावर मारून पाहिला, चांगला जोर लावून. ताटाला पोचा पडला. ठसा उमटला नाही.